खंडेनवमीचं पिस्तूल

४ सप्टेंबर २०१६, रविवार. उरायासु, जपान

आज एक ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

उद्या गणपती. सुचेताने सकाळी फुनाबोरीला माझ्या मित्राकडे, विवेककडे पिटाळलं, मोदकाचा साचा आणायला. स्टेशनातून बाहेर पडलो तर कोपऱ्यावर जुन्या वस्तूंचं दुकान. दारातल्या खोक्यात पिस्तूल.

खरं नाही. मॉडेल गन. पण पूर्ण धातूची. सत्तरच्या दशकातली, असं दुकानदार म्हणाला. नळी आतून बुजवलेली, त्यामुळे उडत काहीच नाही, पण चाप ओढला की खट्ट. वजन असं, की हातात घेतल्यावर माणूस आपोआप सरळ उभा राहतो. मी राहिलो.

प्रॉब्लेम एकच. रंग. सोनेरी! मंगल कार्यालयातल्या नवरा-नवरीच्या खुर्चीसारखा सोनेरी. तोही जागोजागी उडालेला.

घेतलं. साचा राहिला.

सुचेताने विचारलं साचा कुठाय. म्हटलं, आधी हे बघ. तिने बघितलं. परत विचारलं, साचा कुठाय.

तिला कळणार नाही. यंदा दसऱ्याला अप्पा येतायत. तिचे वडील, नीलकंठराव. पस्तीस वर्षं पुण्यात बंदुकांच्या कारखान्यात टूलरूमला. आम्ही जपानला आल्यापासून दर खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर माझा लॅपटॉप बसतो. हळदकुंकू, झेंडू, सगळं. गेल्या वर्षी अप्पांनी व्हिडिओ कॉलवर ही शस्त्रपूजा पाहिली. एवढंच विचारलं, चार्जरची पण करतोस का रे?

यंदा पाटावर शस्त्र असेल. काळं. गन-मेटल फिनिश, लाकडी मूठ. मी स्वतः केलेलं.

वेळ भरपूर. पाच आठवडे. खरं काम तीन दिवसांचं.


६ सप्टेंबर, मंगळवार

प्लॅन केला. एक्सेलमध्ये. चार कॉलम, रंगीत.

सध्या मला वेळ आहे. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं. म्हणजे मीच रिन्यू होऊ दिलं नाही. त्यांनीही फार आग्रह केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. सुचेता रोज तोयोसुला ऑफिसला जाते, मी घर बघतो.

संकल्प: १) रोज सकाळी सहाला उठणे. २) रोज एक तास जपानी. ३) पिस्तुलाचं काम झाल्याशिवाय दुसरं काही सुरू करायचं नाही. ४) सुचेताशी पी.आर.वरून वाद नाही.

पी.आर. म्हणजे कायम राहण्याची परवानगी. तिने जूनमध्ये दोघांचाही अर्ज टाकलाय. तेव्हापासून घरात कर्फ्यू आहे. सायकलवर छत्री धरायची नाही. रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नल तोडायचा नाही. जळणारा कचरा आणि न जळणारा कचरा यात गल्लत करायची नाही. पोलिसात आपलं नाव गेलं तर दहा वर्षं पाण्यात, म्हणते.

जरा जास्तच करते. पण २०११ ला भूकंपानंतर आमच्या गल्लीत जमिनीतून चिखल वर आला होता, नळाला पाणी नव्हतं, ओळखीतली निम्मी मंडळी महिन्याभरात भारतात परत गेली. ही गेली नाही. बादल्या भरायची आणि ऑफिसला जायची. त्यामुळे तिला वाटतं हा कागद आपण कमावलाय. वाटू दे.

सहाला उठायचं उद्यापासून.


९ सप्टेंबर, शुक्रवार. दु. ३

त्या दुकानात परत गेलो. मालकाचं नाव मोरी-सान. ऐंशीच्या घरातला म्हातारा. रंग काढायला कोणतं केमिकल चांगलं, हे विचारलं.

म्हातारा रंगाबद्दल फार हळवा निघाला. सोनेरीच ठेवा म्हणाला. मी हसलो. परत म्हणाला, सोनेरीच ठेवा. तिसऱ्यांदा तर काउंटरच्या बाहेर आला. हात जोडल्यासारखे केले. कलाकार माणूस. आपण विकलेल्या वस्तूत इतका जीव अडकलेला मी पुण्यात एकही दुकानदार पाहिला नाही.

निघताना एक छापील कागद हातात दिला. कांजीच कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, मध्ये एक पिस्तुलाचं चित्र, चित्रावर फुली. केअर इन्स्ट्रक्शन्स असणार. कागद मात्र झकास जाड. कामाच्या वेळी खाली अंथरायला होईल.


११ सप्टेंबर, रविवार

कामाला सुरुवात. जागा: बाल्कनी. टेबल: इस्त्रीचं.

रंग काढायचं केमिकल लावून पंधरा मिनिटं ठेवायचं असतं. मी पाऊण तास ठेवलं, म्हणजे तिप्पट निघेल. निघाला! सोनेरी साल पापडासारखी सुटली. खालचं प्लॅस्टिकचं घमेलंही सुटलं. तळ इस्त्रीच्या टेबलाला चिकटून राहिला, बाकीचं हातात आलं.

सुचेता बाहेर आली, वास घेतला, आत गेली. मग आतूनच विचारलं, की हे सगळं टाकणार कुठल्या कचऱ्यात. म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू नाही, आज लिहून दे.

लिहून दिलं. कचऱ्याच्या सात प्रकारांत बसेना. आठवा प्रकार सुचवला.


१४ सप्टेंबर, बुधवार

कचऱ्याची पिशवी परत आली. वर लाल स्टिकर, चुकीचा कचरा म्हणून. ऑफिसला निघतानाच सुचेताला ती दारात दिसली. ट्रेन चुकली तिची.

रात्री माझ्याशी बोलली नाही. मनात राग धरणं हा तिचा जुना दोष आहे.


१७ सप्टेंबर, शनिवार. स. ११.४० (उठायला उशीर, पण मनाने सहालाच उठलो होतो)

काळं करायचं लिक्विड नेटवरून आलं. बाटलीवर फक्त स्टीलसाठी असं लिहिलंय. आमचं पिस्तूल धातूचं. स्टील हाही धातूच.

लावलं. दहा मिनिटांत चट्टे पडले. काही काळे, काही करडे, एका बाजूला हिरवट. नीट बघितलं तर बिबट्या. वाईट नाही. कस्टम म्हणजे तरी दुसरं काय?

बिबट्या लुक सुचेताला दाखवला. ती म्हणाली, बुरशी.


२२ सप्टेंबर, गुरुवार. सुट्टी

घासून परत सुरुवात. पॉलिश पेपर. एका बाजूने घासता घासता कोपरा गोल झाला. कंपनीची अक्षरं पुसली गेली. हे मुद्दामच, कारण कस्टम पीसवर दुसऱ्याचं नाव कशाला.

डावीकडून जास्त घासलं जातं. कारण सापडलं. भूकंपानंतर या गल्लीतली जमीन खचलीय. आमची दोन मजली इमारतही जराशी कलती आहे, फरशीवर वाटाणा ठेवला तर फ्रिजकडे जातो. कलत्या जमिनीवर सरळ घासणं कुणालाही शक्य नाही. अप्पांनाही नाही.

हे अप्पांना आल्या आल्या सांगायचं. आधीच सांगितलेलं बरं.


२५ सप्टेंबर, रविवार

मुठीसाठी लाकूड हवं. इथल्या दुकानातली लाकडं पांढरी, पोकळ, निर्जीव. मला शिसवी हवं.

घरात शिसवी एकच वस्तू. सुचेताचा पोळपाट. पुण्याहून आणलेला, तिच्या आईचा. तीन पाय. पण नीट विचार केला तर तिसऱ्या पायाचं काम काय? दोन हात वर असतातच, पोळी लाटणारीचे.

तो एक पाय काढला. मधून कापला. मुठीच्या दोन्ही बाजूंना दोन फाका. एक जरा मोठी.


२६ सप्टेंबर, सोमवार

पोळ्या लाटताना सुचेता म्हणाली, पोळपाट डुगडुगतोय. म्हटलं, जमीन. भूकंपाचं. सात वर्षांनी पण बसते म्हणे.

पाच वर्षं झाली, ती म्हणाली.

मग वाकून खाली बघितलं.


२७ सप्टेंबर, मंगळवार

अबोला.


२९ सप्टेंबर, गुरुवार. दु. १

अबोल्यात माणूस एकाग्र होतो. लिक्विडचा नाद सोडला. सरळ काळा स्प्रे. स्प्रे मारून भट्टीत भाजला की पक्का बसतो, असं एका व्हिडिओत आहे. भट्टी कुठून आणणार?

तर गॅसच्या शेगडीखाली माशाचा ग्रिल! इथे प्रत्येक घरात असतो. आम्ही त्यात दहा वर्षांत एक बोंबीलसुद्धा घातला नाही. सुचेता त्यात पापड आणि भरताची वांगी भाजते. बाकी वेळ रिकामाच.

पिस्तूल ग्रिलमध्ये ठेवलं. मध्यम आच. सहा मिनिटांनी धूर. मग घरातला अलार्म बोलायला लागला, जपानीत, बाईच्या आवाजात, आग लागली आहे, आग लागली आहे. बाई अतिशय शांत. मी नाही.

रंगाला फोड आले. अगदी कुरडईसारखे.


१ ऑक्टोबर, शनिवार. घटस्थापना

संध्याकाळी भरीत, त्याच ग्रिलमध्ये भाजलेल्या वांग्यांचं. सुचेताने एक घास घेतला, ताट बाजूला ठेवलं आणि तेरा... चौदा दिवसांनी म्हणावं असं एक मोठं वाक्य बोलली. म्हणाली, उदय, मला ऑफिसात माणसं विचारतात तुमचे मिस्टर सध्या काय करतात, आणि मी सांगते घरून काम.

मी म्हटलं, बरोबरच सांगतेस.

मोजलं तर अबोला चारच दिवसांचा होता. जास्त वाटला.


५ ऑक्टोबर, बुधवार

उद्या अप्पा. पिस्तुलाची स्थिती: डावीकडे फोड, उजवीकडे बिबट्या, मूठ डुगडुगते. ऐंशी टक्के काम पूर्ण.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, की यंदा आमच्याकडे खंडेनवमीला खरीखुरी शस्त्रपूजा, कस्टम पीस, स्वहस्ते. एकशे बारा मेंबर. एकोणतीस अंगठे आले, दोन तलवारी.


६ ऑक्टोबर, गुरुवार

अप्पा आले. पहिल्यांदाच परदेश. विमानतळापासून बस, बसमधून उतरून घर, सगळं गप्प बसून बघत होते. दारात चपला काढल्या, घरात आले आणि पहिलं वाक्य म्हणाले, ही जमीन उतरती आहे.

मी सुचेताकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

चहा झाल्यावर पिस्तूल दाखवलं. मखमलीत गुंडाळून (सुचेताचा ब्लाउज पीस). अप्पांनी चष्मा वर केला. वजन केलं. नखाने फोड फोडला. मग म्हणाले, जस्ताचं ओतकाम आहे. लोखंडाचं औषध जस्ताला पाजलंस होय रे.

म्हटलं, प्रयोग होता.

ते म्हणाले, हं. आणि हे काय, पोळपाटाचा पाय?

एका नजरेत! पंचाहत्तर वर्षांचा माणूस.


७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सहाला उठलो. (पहिल्यांदा. संकल्प पूर्ण.) बाल्कनीत खरखर चालू होती म्हणून. अप्पा मांडी घालून बसलेले, इस्त्रीचं टेबल बाजूला केलेलं, मांडीवर पिस्तूल. माझे सगळे पॉलिश पेपर त्यांनी नंबराप्रमाणे लावले होते. नंबर असतात हे मला माहीत होतं, क्रम असतो हे नव्हतं.

ते म्हणाले, अहो जावईबापू, ग्रुपवर जाहीर करून बसलात, आता उरकायला हवं.

मला चेष्टेत अहो करतात. चेष्टा असेलच असं नाही.

दिवसभर त्यांना मार्गदर्शन केलं. जपानी दुकानात काय काय मिळतं ते सांगितलं. शंभर येनच्या दुकानात नेलं तर कानशींच्या रॅकसमोर वीस मिनिटं उभे. चार घेतल्या. एकीला अंगठा लावून म्हणाले, बरी आहे.

त्यांच्या तोंडून बरी आहे एवढं ऐकायला टूलरूमची पोरं म्हणे वर्षभर थांबायची.


८ ऑक्टोबर, शनिवार

काम: अस्तर, वाळवणे, घासणे, काळा, वाळवणे, घासणे, काळा. प्रत्येक थर इतका पातळ की स्प्रे केला की नाही कळत नाही. मी दोनदा म्हटलं, अप्पा, एकदाच जाड मारूया. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा करायला पाठवलं.

त्यांनी मुठीच्या दोन्ही फाका सारख्या केल्या. उरलेल्या तुकड्यांतून पोळपाटाला पाय पण बसवला. कुठून आणलं एवढं लाकूड, हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी सुचेता ऑफिसचं काम आवरून बाल्कनीत त्यांच्याशेजारी बसली. दोघं तो पातळ थर बघत होती. नंतर अप्पा म्हणाले, आता दर वर्षी ऑक्टोबरला येत जाईन, हवा चांगली आहे. ती हसली. मार्चनंतर पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या प्रोजेक्टमुळे घरात आनंद आलाय. नोंद करून ठेवतो.


१० ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी. सुट्टी. दु. १२

पूजा झाली! पाटावर पिस्तूल, काळंभोर, उजेड पडला की रेशमी. शिसवी मूठ. हळदकुंकू, झेंडू. शेजारी अप्पांच्या चार कानशी. सुचेताचा लॅपटॉपही ठेवला, घर त्यावर चालतं असं अप्पा म्हणाले. माझा कुणी ठेवला नाही. लक्षात आलं तेव्हा आरती सुरू होती.

फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कन्सेप्ट, डिझाइन, फिनिश: उदय. अप्पांचं नाव टाकणार होतो, पण कॅप्शन लांबत होतं. पंचेचाळीस अंगठे.

विवेक श्रीखंड-पुरीला येतोय. सोबत साचा आणतोय.


त्याच दिवशी, दु. २.३०

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ठेवायला हवी.

विवेक आला. पाटाकडे बघितलं. बघतच राहिला. मग मला विचारलं, हे आधी कुठल्या रंगाचं होतं. म्हटलं, सोनेरी, भयंकर. म्हणाला, आणि तू तो काढलास?

म्हटलं, अख्खा.

तो खाली बसला. त्याच्या ऑफिसात एक जण मॉडेल गन जमवतो. त्याच्याकडून त्याला कळलेलं. म्हणाला, अरे येड्या, इथे धातूचं नकली पिस्तूल पांढरं नाहीतर पिवळं-सोनेरीच ठेवावं लागतं. कायदा आहे. लांबून खरं वाटू नये म्हणून. काळं केलंस की ते घरात ठेवणं हाच गुन्हा.

मी म्हटलं, पण नळी बंद आहे. तो म्हणाला, नळी पण बंद आणि रंग पण सोनेरी. दोन्ही. आणि तू फोटो टाकलायस. स्वतःच्या नावाने. एकशे बारा लोकांत.

मोरी-सानचा कागद आठवला. बाल्कनीतून आणला. केमिकल आणि काळ्या रंगाखाली मजकूर अर्धाच दिसत होता, पण विवेकने वाचला. सोनेरी ठेवा, हीच पहिली ओळ. लाल अक्षरांत.

विवेक श्रीखंड न खाता गेला. चपला घालता घालता ग्रुपमधून बाहेर पडला. साचा मात्र ठेवून गेला.

सुचेता स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. मग खालीच बसली, साडीनिशी. म्हणाली, दहा वर्षं, उदय.

एवढंच.


सं. ६

मी पर्याय मांडले. अ) समुद्र. ब) परत सोनेरी करणे. क) फोटो काढून टाकणे आणि मोबाईल हॅक झाला असं म्हणणे.

अ ऐकताच सुचेताने बाल्कनीचं दार लावून घेतलं. ब ला म्हणाली, फोटो गेलाय तो गेलाय, आता रंगवून पुरावा लपवला असं होईल. क ला नुसतं बघितलं.

तिने अर्जाचे कागद भरून देणाऱ्या बाईंना फोन केला, सुट्टीच्या दिवशी, दहा वेळा माफी मागत. त्या म्हणाल्या, हातात घेऊन रस्त्यावर अजिबात निघू नका. पोलीस चौकीत फोन करा, त्यांनाच घरी बोलवा. कुणीतरी कळवायच्या आत तुम्ही कळवलेलं बरं. आणि रंग कुणी बदलला, ते विचारतील. अर्जदाराचं किंवा नवऱ्याचं नाव आलं तर मी काही सांगू शकत नाही.

अप्पा पाटासमोर बसले होते. जपानी त्यांना शून्य, पण लेकीचा चेहरा वाचता येतो. तिने सगळं समजावलं. त्यांनी एकच विचारलं. ज्याने इथे कसलाच अर्ज केलेला नाही, त्याचं काय करतात?

सुचेता म्हणाली, बाबा, नाही.

ते म्हणाले, अगं रंग कुणी दिला? मीच ना? मग. मी खोटं कुठे बोलतोय?

ती म्हणाली, परत व्हिसा देणार नाहीत कदाचित. ते म्हणाले, बघितला की जपान. स्वच्छ आहे.

मी म्हटलं, पण मूळ कन्सेप्ट माझा आहे.

दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. हे दोघं बाप-लेक आहेत, ते तेव्हा जाणवलं.


११ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा. स. १०

काल राहिलेलं लिहितो.

पोलीस आले. दोन. एक तरुण, एक पन्नाशीचा. बूट काढले, माफ करा म्हणत आत आले, पाटासमोर गुडघ्यावर बसले. पाटावर हळदकुंकू लावलेलं पिस्तूल बघून तरुणाने वहीत काय लिहावं ते त्याला कळेना.

थोरल्याने विचारलं, हे पिवळं काय. सुचेताने सांगितलं, आमच्यात या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. तो म्हणाला, माझे आजोबा सुतार होते, नववर्षाला रंधा आणि करवत मांडून त्यांच्यापुढे मोची (तांदळाचे गोळे) ठेवायचे. मग कानशींकडे बघून मान हलवली. मग परत पोलीस झाला.

विचारलं, रंग कुणी काढला, कुणी लावला.

अप्पांनी छातीवर हात ठेवला. सुचेताने भाषांतर केलं. आवाज सरळ होता. पदराचं टोक मात्र मुठीत पिळलेलं.

मग तो खोलात गेला. आधी काय केलं? अस्तर कसलं? किती थर? मधे कुठला पेपर? अप्पा सांगत गेले, सुचेता सांगत गेली, तरुण लिहीत गेला. एका जागी सुचेताला शब्द सापडेना तेव्हा अप्पांनी हवेत बोट फिरवून दाखवलं आणि थोरल्याला ते भाषांतराशिवाय कळलं. त्याने पिस्तूल हातमोजे घालून उजेडात धरलं, तिरकं केलं. म्हणाला, फार सुरेख काम आहे. आणि हे असायला नको होतं.

त्या सुरेखच्या वेळी माझ्या तोंडून निघालंच, की ॲक्चुअली... सुचेता मराठीत म्हणाली, उदय, पाणी आण. आणलं. मग तो म्हणाला मूठही अप्रतिम आहे. मी म्हटलं, शिसवी... ती म्हणाली, पाणी. एकूण चार वेळा पाणी आणलं. पोलीस एकदाही प्यायले नाहीत.

पिस्तूल प्लॅस्टिकच्या पिशवीत गेलं. त्याला चिकटलेलं झेंडूचं फूल काढू का विचारलं, तर नाही म्हणाले, आहे तसंच. पुराव्यात फूल गेलं.

अप्पांना अटकबिटक नाही. पासपोर्टची कॉपी घेतली, खुलासा लिहून घेतला, सही घेतली. स्वतः कळवलं हे चांगलं केलं म्हणाले. बाकी वर कळवावं लागेल. वाकून नमस्कार करून गेले.

खुलाशाची एक प्रत मिळाली. मी मोबाईलवर ट्रान्सलेट करून वाचली. साधारण दोन पानं. नीलकंठ नावाच्या गृहस्थांनी काय काय केलं, त्याचं इतकं बारीक वर्णन आहे की त्यावरून कुणीही करू शकेल. माझा उल्लेख एकदा. घरात उपस्थित इतर व्यक्ती: एक.

आणि खरं सांगायचं तर (ही वही कुणी वाचत नाही) त्याने ते प्रश्न मला विचारले असते, तर मला एकाचंही उत्तर देता आलं नसतं.


१४ ऑक्टोबर, शुक्रवार

अप्पा गेले. विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणाले, हाताला चळ असतो एकेकाच्या, वाईट नाही ते. फक्त आधी विचारत जा.

ते आत जाईपर्यंत सुचेता हात हलवत होती. ते वळले नाहीत. विमानतळावर वळून बघत बसलं की माणसं अडखळतात, म्हणून असेल.

कानशी त्यांनी माझ्यासाठी ठेवल्यात. संकल्प: रोज अर्धा तास कानस.


३ नोव्हेंबर, गुरुवार

कानस अजून सुरू नाही. थंडी.


२६ मे २०१७, शुक्रवार

पोस्टकार्ड आलं. सुचेताला कायम वास्तव्य मिळालं. तिने ते दारातच वाचलं, नीट घडी घातली आणि मग रडली.

माझं कार्ड त्यात नाही. माझा अर्ज अजून विचाराधीन आहे. वेगळ्या टेबलावर गेलाय म्हणे. असतं तसं. गुंतागुंतीच्या केसेसना वेळ लागतो.

संध्याकाळी अप्पांचा फोन. त्यांनी ऑक्टोबरचा व्हिसा टाकला होता, तो नाकारला. कारण देत नाहीत. अप्पा म्हणाले, दिलं असतं तरी कुठल्या भाषेत देणार होते. सुचेता फोनवर हसली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ बाल्कनीत उभी राहिली.

मग आत येऊन लॅपटॉप उघडला. यंदा दसऱ्याला ती पुण्याला जाणार. आता दर वर्षी जाणार. तिकीट काढलं. मी मागून बघितलं, तर एकच.

विचारलं, माझं?

म्हणाली, तुझा अर्ज चालू आहे. तू कुठे जाऊ नकोस, कशाला हात लावू नकोस. इथे शांत बस.

बसलोय.